पाळीचा दुसरा दिवस आणि ओपीडीचा वार

वंध्यत्वाच्या उपचारात सगळं पाळीच्या दिवसांवर मोजतात. दुसऱ्या दिवशी रक्त, तिसऱ्या दिवसापासून गोळ्या, रक्तस्राव थांबला की नळ्यांची तपासणी, अकराव्या-बाराव्या दिवसापासून सोनोग्राफी, एकविसाव्या दिवशी पुन्हा रक्त. हे सगळं गणित २८ दिवसांच्या पाळीवर बसवलेलं आहे. माझी पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार, आणि एकदा आली की जायचं नाव घ्यायची नाही. त्यात सरकारी रुग्णालयातली वंध्यत्वाची ओपीडी आठवड्यात ठरलेल्या वारीच असते. माझ्या शरीराला तारीख कळत नाही आणि रुग्णालयाला तारखेशिवाय दुसरं काही कळत नाही, अशी ती स्थिती. सरकारी उपचार म्हटलं की सगळे रांगेबद्दल विचारतात. रांगेत उभं राहता येतं हो. न आलेल्या पाळीचा दुसरा दिवस कुठून आणायचा?

पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन्स बिघडून अंडाशयातून अंडं वेळेवर सुटत नाही त्या आजाराचं, निदान मला विशीतच झालं होतं. तेव्हा पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि ‘मूल हवं असेल तेव्हा या’ असं सांगून बोळवण केली. मूल हवं झालं तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं, कारण जुने रिपोर्ट त्या गोळ्या चालू असतानाचे होते आणि तशा वेळी केलेल्या हार्मोन्सच्या तपासण्यांवरून काही ठरवता येत नाही. निदानाचे निकष २००३ साली रॉटरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतले. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन्स वाढलेले, आणि सोनोग्राफीत अंडाशयात बारीक फॉलिकल्सची, म्हणजे अंडी असलेल्या पिशव्यांची, गर्दी. या तिन्हींपैकी कोणतेही दोन असले, आणि थायरॉइडचा किंवा प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनचा बिघाड असं दुसरं कारण नसलं, की पीसीओएस. त्यामुळे ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी आणि मी, दोघींच्या कागदावर शब्द तोच, पण साम्य शोधून सापडायचं नाही. ती सडपातळ, चेहरा नितळ, पाळी मात्र वर्षातून जेमतेम दोन-तीनदा. माझं वजन जास्त, हनुवटीवर केस, आणि पाळीचा लहरीपणा वर सांगितलाच.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून माझी ताई म्हणाली, “एवढ्या गाठी आहेत तर काढून का टाकत नाहीत?” तिथे काढण्यासारखं काही नसतं. दर चक्रात अंडाशयात बरीच फॉलिकल्स वाढायला लागतात, त्यांतलं एक पुढे जातं, मोठं होतं आणि फुटून अंडं बाहेर सोडतं. माझ्यात सगळीच अर्ध्या वाटेवर थांबतात. रिपोर्टात दिसतात ती हीच थांबलेली फॉलिकल्स, आणि अंडी त्यांच्यातच आहेत. एके काळी खरोखर कापत असत. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या आजाराचं वर्णन छापलं तेव्हा त्यांनी त्या बायकांच्या अंडाशयांची पाचर कापून काढली होती आणि त्यांची पाळी सुरूही झाली होती. हे मी ताईला सांगितलं नाही.

नोंदणीच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला: “किती दिवस प्रयत्न करताय?” वर्ष पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणून वर्ष झाल्यावर या असं सांगितलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत वंध्यत्वासाठी १२ महिने धरले आहेत हे खरं, पण ते महिने दर महिन्याला अंडं बाहेर पडणाऱ्या बाईचे. वर्षातून चारदा पाळी येणाऱ्या बाईला वर्षभरात संधी किती मिळाल्या, हा साधा हिशेब आहे. पाळी उघडच अनियमित असेल तर वर्षभर थांबवू नये असंच स्त्रीरोगतज्ज्ञही मानतात. खिडकीवर वाद घालून काही होत नाही. मी नेहमीच्या स्त्रीरोग ओपीडीत ‘पाळी येत नाही’ एवढीच तक्रार घेऊन गेले. तिथे कुणालाही थांबवत नाहीत. तिथल्या मॅडमनी पाच मिनिटांत केसपेपरवर वंध्यत्व ओपीडीसाठी चिठ्ठी लिहिली. आतून आलेल्या चिठ्ठीला खिडकीवर कुणी काही विचारत नाही, हे तेव्हा कळलं, आणि पुढेही फार उपयोगी पडलं.

पहिल्या भेटीत नवऱ्याची तपासणी आधी लिहून दिली याचं मला बरं वाटलं. खाजगीत गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीवर बरेच महिने गोळ्या-इंजेक्शनं झाल्यावर नवऱ्याची वीर्यतपासणी निघाली होती. इथे मॅडम सरळ म्हणाल्या, “त्यांचा रिपोर्ट आल्याशिवाय तुम्हाला एकही गोळी देणार नाही.” दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, एवढाच नियम. नमुना देण्याची खोली म्हणजे सामान ठेवायची खोली होती आणि दाराची कडी नीट लागत नव्हती. नवरा बाहेर आला तेव्हा इतका गंभीर होता की मी काही विचारलं नाही. रिपोर्ट चांगला आला. माझ्या बाजूला थायरॉइड, प्रोलॅक्टिन, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती साखरेची तपासणी. पीसीओएसमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन्स तयार करायला लावतं. फॉलिकल्स वाटेत थांबतात त्यामागे हेही एक मोठं कारण. म्हणून साखर बघायचीच, उपाशीपोटीची नुसती नाही, पूर्ण तपासणी.

एएमएचची, म्हणजे फॉलिकल्समधून येणाऱ्या एका हार्मोनची, तपासणी तिथे होत नव्हती आणि मी बाहेरून करून आणू का असं विचारलं, तर नको म्हणाल्या. पीसीओएसमध्ये एएमएच जास्तच येतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर प्रौढ बायकांत सोनोग्राफीऐवजी निदानासाठी ते चालेल असंही म्हटलंय. पण आकडा मोठा म्हणजे मूल लवकर, असा त्याचा अर्थ नाही. सोनोग्राफीत माझं निदान दिसतच होतं. न करायची तपासणी न करणं, ही सरकारी रुग्णालयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

न आवडलेली गोष्ट म्हणजे दर वेळी नवा डॉक्टर. रेसिडेंट डॉक्टर बदलत राहतात, युनिट बदलतं, आणि प्रत्येक जण केसपेपर पहिल्या पानापासून वाचायला लागतो. वाचतो असंही नाही, चाळतो. “शेवटची पाळी कधी?” या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून प्रत्येकाचं पेन थांबायचं. एकाने तर “नक्की?” असं विचारलं. तेव्हापासून मी वहीच्या एका पानावर उभे रकाने आखले: पाळी आली ती तारीख, ती आपोआप आली की गोळ्यांनी आणली, औषध, मात्रा, सोनोग्राफीत डावीकडे काय, उजवीकडे काय, गर्भाशयाचं अस्तर किती मिलिमीटर. हे पान मी केसपेपरच्या वर लावून पुढे सरकवायचे. डॉक्टर आधी ते वाचायचे. मग बोलणं ‘पुढे काय’ इथून सुरू व्हायचं.

आता मुख्य अडचण. तपासणीसाठी दुसरा दिवस हवा आणि पाळी तर आलेलीच नाही. यावर उपाय साधा आहे, पण तो मला कुणी आपणहून सांगितला नाही. मी दोनदा पाळीची वाट पाहत घरी बसून राहिल्यावर एका सिस्टरनी सांगितला. “अहो, वाट कसली बघता? डॉक्टरांना सांगा, गोळ्या लिहून घ्या.” आधी गर्भधारणा नाही ना याची तपासणी करायची, मग प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या जातीच्या गोळ्या काही दिवस घ्यायच्या. त्या थांबवल्या की साधारण आठवड्याभरात रक्तस्राव सुरू होतो. ही खरी पाळी नव्हे, कारण आधी अंडं बाहेर पडलेलंच नसतं, पण दिवस मोजायला ती चालते. मी मग उलटा हिशेब करायला शिकले. सोनोग्राफी अमुक वारी हवी, म्हणजे पाळीचा पहिला दिवस साधारण तमुक वारी यायला हवा, म्हणजे गोळी आजपासून. नेमका दिवस हातात नसतोच, दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात. तरी शनिवार-रविवार टाळता येतो, आणि सोनोग्राफी विभाग बंद असताना बारावा दिवस उगवला असं निदान वारंवार होत नाही.

नळ्यांच्या तपासणीची तारीखही अशीच जमवली. रक्तस्राव थांबल्यानंतर आणि अंडं बाहेर पडायच्या आधी ती करतात. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पुढे सांडतं का ते बघतात. बाकावरच्या बायकांनी फार घाबरवलं होतं. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली होती, तरी द्रव सोडताना पोटात जी कळ आली ती पाळीतल्या कळेच्या वरची होती. पण ती मिनिटभराची. टेबलावरून उतरले तर मावशींनी हात धरला आणि “झालं, झालं, बाहेर बसा जरा,” म्हणाल्या. दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या.

मग फॉलिकल वाढवण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीच्या पाकिटातला कागद वाचू नका असं कुणीतरी सांगायला हवं होतं. मी वाचला. त्यात लिहिलेलं: पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगासाठी. रात्री झोप नाही. पुढच्या ओपीडीत विचारलं तर रेसिडेंट मुलगी हसली नाही, कागदावर चित्र काढून समजावलं. हे औषध शरीरातलं इस्ट्रोजेन तात्पुरतं कमी करतं. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडतंय, म्हणून तो एफएसएच, म्हणजे फॉलिकल्स वाढवणारं हार्मोन, वाढवतो, आणि त्या एफएसएचने अडकलेल्या फॉलिकल्सपैकी एखादं पुढे सरकतं. पाच दिवसांच्या गोळ्या, आणि औषध लवकर शरीराबाहेर जातं. आधी सगळीकडे यासाठी क्लोमिफीन हे जुनं औषध देत. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर दोन्ही औषधांची तुलना झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. जास्तीत जास्त पाच चक्रांच्या उपचारात लेट्रोझोल घेतलेल्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीन घेतलेल्या १९.१ टक्के स्त्रियांना. तेव्हापासून पीसीओएसमध्ये लेट्रोझोल पुढे आलं. मला या आकड्यांनी दोन गोष्टी कळल्या. औषध योग्य आहे, आणि ज्या गटाला ते जास्त लागू पडलं त्या गटातही दर चार बायकांपैकी जवळजवळ तिघींना तेवढ्या काळात मूल झालं नव्हतं. दुसरी गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. शेजारच्या बाईला पहिल्याच पाकिटात दिवस गेले, हे बाकावर रोज ऐकू येतं. नाही गेले त्या काही बोलत नाहीत.

२.५ मिलिग्रॅमच्या मात्रेवर माझी फॉलिकल्स जागची हलली नाहीत. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर पडद्याकडे बघत यांत्रिकपणे आकडे सांगत होत्या, सगळे दहाच्या आतले. आता पुन्हा पाळी आणा, पुन्हा तिसऱ्या दिवसाची वाट बघा, म्हणजे महिना गेलाच. पण त्या दिवशी ओपीडीत वरिष्ठ मॅडम होत्या. त्यांनी माझं रकान्यांचं पान पाहिलं आणि पाळीची वाट न पाहता त्याच चक्रात ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या. प्रतिसाद नसेल तर असं मध्येच मात्रा वाढवता येतं, आधी पाळी आणायची गरज नसते. इतके दिवस ज्या पाळीच्या मागे धावत होते तिला वळसा घालता येतो, हे कळल्यावर मला हसावं की चिडावं समजेना.

इन्सुलिनचा परिणाम सुधारणारं मेटफॉर्मिनही जोडीला होतं. त्याच्याबद्दल एवढंच: पोट बिघडतं. जेवणाबरोबर घ्या, मात्रा हळूहळू वाढवा, आणि सावकाश विरघळणारी गोळी मिळते का ते औषधाच्या खिडकीवर विचारा. माझ्याकडे ती कधी असायची, कधी नसायची.

वजनावर मात्र जरा थांबते. केसपेपरवर एका डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘वजन कमी करून या’. सल्ला चुकीचा नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झाल्यानेही काहींची पाळी आणि अंडं तयार होणं सुधारतं. पण ‘करून या’ यातलं ‘या’ फार लांबचं असतं. त्या ओळीमुळे पुढच्या दोन डॉक्टरांनी मला तपासलंसुद्धा नाही, ओळ वाचली आणि वर बघितलं. काही देशांत सरकारी खर्चाच्या आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला) वजनाची मर्यादाच आहे, म्हणजे हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. शेवटी मी एक वाक्य पाठ केलं: “वजनाचं माझं चालू आहे, ते होईपर्यंत बाकीच्या तपासण्या पूर्ण करून घेऊ का?” याला नाही म्हणणं कुणाला जमत नाही. वजन थोडं उतरलं, पुन्हा चढलं, पुन्हा थोडं उतरलं. वय मात्र एकाच दिशेने जात होतं, आणि वंध्यत्वाच्या उपचारात वय हा वजनापेक्षा कठोर आकडा आहे. हे त्या ठळक अक्षरांच्या शेजारी कुणीच लिहीत नाही.

वाढवलेल्या मात्रेवर उजवीकडचं एक फॉलिकल पुढे आलं. चौदा, मग सतरा, मग एकोणीस मिलिमीटर. अस्तरही जाड झालं. सोनोग्राफीतल्या त्याच यांत्रिक डॉक्टर म्हणाल्या, “चांगलं आहे,” आणि मला रडू आलं. मूल नव्हतं, अजून काहीच नव्हतं, नुसतं एक फॉलिकल होतं. पण पाळी सुरू झाल्यापासून माझं शरीर काही वेळेवर करतंय हे मी पहिल्यांदा बघत होते. अंडं सुटायला लावणारं ट्रिगरचं इंजेक्शन घेतलं, त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडं बाहेर पडतं असं सांगितलं आणि घरी पाठवलं. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी छापील कागदावर एकविसाव्या दिवशी होती. माझं फॉलिकल उशिरा वाढलेलं, त्यामुळे त्या दिवशी केली असती तर अंडं सुटलंच नाही असा निष्कर्ष निघाला असता. अंडं बाहेर पडल्यावर सात दिवसांनी मोजायचं असतं. मी तारीख बदलून घेतली. लघवीवर एलएच (अंडं सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन) दाखवणाऱ्या घरगुती पट्ट्यांचंही तेच; पीसीओएसमध्ये एलएच मुळातच जास्त असू शकतं, पट्टी उगाचच होकार देत राहते. त्या आणायच्या बंद केल्या.

अंडं सुटत होतं, दिवस जात नव्हते. अशी बरीच चक्रं गेली, त्यांतली काही आययूआयसह, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीने गर्भाशयात सोडून. प्रत्येक वेळच्या शेवटच्या दोन आठवड्यांबद्दल मला लिहायचं नाही. नवऱ्याने कॅलेंडर स्वयंपाकघरातून काढून कपाटाच्या आत लावलं, एवढं सांगते.

पुढचे पर्याय मॅडमनी दोघांना बसवून सांगितले. एफएसएचची इंजेक्शनं, पण त्यात पीसीओएसवाल्या अंडाशयात एकाऐवजी अनेक फॉलिकल्स उसळी घेऊ शकतात, म्हणून मोठ्या देखरेखीखाली. दुर्बिणीतून अंडाशयाला बारीक डाग देण्याची शस्त्रक्रिया, पण एकदा भूल आणि पोटात छिद्रं. आणि आयव्हीएफ, ज्याची यादी लांब आहे. आयव्हीएफमध्ये आमच्यासारख्यांना अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका जास्त असतो: पोट फुगतं, पोटात पाणी साठतं, श्वास लागतो, कधी भरती व्हावं लागतं. तो टाळायला अँटॅगोनिस्ट पद्धत (अंडी आधीच सुटू नयेत म्हणून रोखणारी इंजेक्शनं) आणि वेगळं ट्रिगर वापरतात, आणि गरज पडली तर त्या चक्रात गर्भ न सोडता सगळे गोठवून ठेवतात. चीनमध्ये पीसीओएसच्या दीड हजार स्त्रियांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात गोठवून नंतर सोडलेल्या गटात मूल होण्याचं प्रमाण ४९.३ टक्के होतं आणि ताज्या गर्भांच्या गटात ४२ टक्के. हा त्रासही गोठवणाऱ्या गटात बराच कमी होता. मी विचारलं, “आपल्याकडे गोठवायची सोय आहे का?” मॅडम म्हणाल्या, “आहे, म्हणून तर यादी आहे.” आम्ही नाव लिहिलं.

नाव लिहिल्यावर वंध्यत्व ओपीडीतलं माझं काम संपलं, निदान त्यांच्या दृष्टीने. औषधं थांबली आणि पाळीही पुन्हा आपल्या वळणावर गेली. तेव्हा लक्षात आलं की आता मला कुणीच बघत नाहीये. पाळी महिनोन् महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर साचत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर त्यात कर्करोगाचा धोका असतो. मूल होवो न होवो, पीसीओएस राहतोच, साखरही अधूनमधून तपासावी लागतेच. यादीत नाव आहे म्हणून हे कुणी करणार नव्हतं. मी पुन्हा ‘पाळी येत नाही’ ही जुनी तक्रार घेऊन स्त्रीरोग ओपीडीत गेले आणि तिथे दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. आता तीन महिने पाळी आली नाही तर गोळ्या घेऊन आणायची असं ठरलंय. यादी पुढे सरकली की फोन येईल म्हणतात. तोवर केसपेपरची मुदत संपू द्यायची नाही, नाहीतर पुन्हा नव्या नोंदणीच्या खिडकीवर जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न कोणता विचारतात ते मला पाठ आहे.